चटईचे पापुद्रे सुटतायत. फायबरवाल्यांनो, जरा इकडे बघा (अंबड, नाशिक)

साचेवाला | ९ जुलै, रात्री १०:४०

मंडळी, मी इथं वाचतो जास्त, लिहितो कमी. आज लिहायची वेळ आली.

अंबडला माझी छोटी शेड आहे. पाच माणसं आणि मी. ट्रॅक्टरवर लागतात ती फायबरची छतं करतो. द्राक्षवाले फवारणीसाठी घेतात, तीच. सगळं काम हातचं. साच्याला वॅक्स, मग जेलकोट (बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर), त्यावर टिश्यू (पातळ जाळी) आणि पाठोपाठ ४५० ग्रॅमच्या चॉप मॅटचे, म्हणजे काचेच्या तंतूंच्या चटईचे, तीन थर, रेझिन नावाच्या पातळ प्लास्टिकमध्ये भिजवत. ब्रश, रोलर, घाम.

मागच्या पंधरवड्यात दिंडोरीहून एक छत परत आलं. बागेत वळताना मांडवाच्या अँगलला कोपरा अडकला. फायबर आहे, मार बसला की तडकणार, त्याचं काही नाही. पण हे तडकलं नव्हतं. कोपरा उघडला होता. खारी मधोमध उघडावी तसा, वरचा पापुद्रा वर आणि खालचा खाली. शेतकरी म्हणाला, "शेठ, आत काही भरायचं राहिलं होतं का?" काय उत्तर देणार!

शेडवर येऊन शिल्लक असलेली २६ छतं एकेक करून नाण्यानं वाजवली. १९ टणटणीत. ७ मात्र ठिकठिकाणी बद्द वाजतात, खाली पोकळ असल्यासारखी. तेच रेझिन, तीच मॅट, तीच माणसं, तेच साचे. मग सातच का? पन्नासेक छतं आधीच विकली गेलीत, त्यातली किती अशी असतील या विचारानं झोप उडालीय.

गोदाकाठ | ९ जुलै, रात्री ११:०५

पावसाळा आहे. मॅटचे रोल कुठे ठेवता? फरशीवर उभे असतील तर खालून ओल ओढतात. ओली मॅट रेझिन नीट पीत नाही, पांढरे चट्टे राहतात. लाकडी पाटावर ठेवा, वरून प्लास्टिक घाला. लागेल तेवढी मॅट आदल्या रात्री बल्बखाली टांगा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा नियमच आहे.

सिन्नरी | ९ जुलै, रात्री ११:२०

स्वस्तातली मॅट आणि भर म्हणून खडूची पावडर ढकललेलं रेझिन, दुसरं काय असणार! नंतर खारी निघाली म्हणून रडायचं.

साचेवाला | १० जुलै, सकाळी ७:१५

गोदाकाठ, रोल मांडणीवर आहेत, जमिनीपासून दोन फूट. पांढरे चट्टे नाहीत, ते मी रोज बघतो.

सिन्नरीभाऊ, हिशेबच घ्या. छत अडीच चौरस मीटरचं. तीन थर धरले तर काच ३ किलो ३७५ ग्रॅम. त्याला रेझिन ८ किलोच्या आत-बाहेर, म्हणजे काच तीस टक्क्यांच्या आसपास बसते. जेलकोटचा दीड किलो वेगळा. पावडर फक्त पुट्टीत घालतो. पैसे वाचवायचेच असते तर तिसरा थर गाळला असता, तुम्हाला कळलंही नसतं.

कालवायचं काम मामांकडे आहे. माझे मामा नव्हेत, सगळ्या शेडचे मामा. २२ वर्षं या धंद्यात आहेत. वजनकाट्याशिवाय हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) ओतत नाहीत.

धागादोरा_मालेगाव | १० जुलै, दुपारी १:३०

मी यंत्रमागवाला. फायबरमधलं मला काही कळत नाही, शीर्षकात चटई दिसली म्हणून आत आलो. आल्यासरशी खोड काढतो: तुमची चटई ही चटईच नव्हे! चटई विणलेली असते. तुमच्या मॅटला ना ताणा ना बाणा. पाचेक सेंटिमीटरचे काचेचे तुकडे चालत्या पट्ट्यावर पाऊस पडावा तसे पाडायचे, वरून डिंक मारायचा, भट्टीतून काढायचं, गुंडाळायचं. आमच्या भाषेत नॉनवोव्हन.

मग तुमच्या दुखण्याचं मूळ मला असं दिसतं. त्या पट्ट्यावर सगळे तंतू आडवे पडतात. वरून खाली जाणारा एकही नाही. थरावर थर ठेवलेत तरी वरच्याला खालच्याशी बांधणारा धागाच नाही, तिथं फक्त तुमचं ते रेझिन. जिथं ते रुसलं तिथं पापुद्रा सुटला.

आमच्या धंद्यात याला उपाय आहे, सुईकाम. आजीची गोधडी आठवा. चिंध्या थरावर थर ठेवून ती सुटू देत नसे, वरून खाली धावदोरा घालायची. नीडल-पंचिंगचं यंत्र तेच करतं, फक्त दोरा नसतो. सुईला नाकं नसतं, तिच्या तीन कडांवर बारीक तिरपे काटे असतात, बहुधा मिळून नऊ. खाली जाताना काटे वरचे तंतू पकडून आत ओढतात, वर येताना तिथंच सोडून येतात. हजारो सुया एका फळीवर, खटाखट वरखाली. शेततळ्याच्या प्लास्टिकखाली काही जण जाड फेल्ट अंथरतात ना, ते असंच बनतं.

साचेवाला | १० जुलै, दुपारी १:५०

गोधडीचं पटलं बुवा. बावीस वर्षांत आम्हाला कुणी असं सांगितलं नव्हतं.

हिशेबी | १० जुलै, रात्री ९:१०

धागादोरांच्या म्हणण्याला आकड्यांची जोड देतो. हे थोडं रुक्ष आहे, पण मजा आहे.

४५० ग्रॅमच्या एका थरात चौरस मीटरला काच ४५० ग्रॅम, घनता २.५५ धरली तर १७६ घनसेंटिमीटर. तीस टक्के काचेच्या हिशेबानं रेझिन १०५० ग्रॅम, म्हणजे सुमारे ८७५ घनसेंटिमीटर. एकूण हजार-साडेदहाशे, म्हणजे जाडी बरोबर १ मिलिमीटरच्या आसपास. "एक मॅट एक मिलिमीटर" हे जे कारागीर तोंडावर सांगतात, ते असं आलंय. पण बघा, वजनानं ३० टक्के असलेली काच आकारमानानं फक्त १७ टक्के आहे. बाकी सगळं प्लास्टिक.

आता ताठपणा. काचेच्या तंतूचा लवचीकता गुणांक ७२ गिगापास्कल, पॉलिस्टर रेझिनचा साधारण साडेतीन. तंतू एका प्रतलात वाट्टेल त्या दिशांना पडलेले असले की क्रेंचेलचा गुणक लावतात, ३/८. म्हणजे ०.१७ गुणिले ७२ गुणिले ३/८, झाले साडेचार. त्यात रेझिनचा वाटा तीनच्या आसपास. बेरीज साडेसात. हाताने घातलेल्या चॉप मॅटचे तुकडे प्रयोगशाळेत ओढले तर ७ ते ८ च्याच दरम्यान येतात. कागद आणि काच इतके जुळलेले क्वचित दिसतात.

हेच तंतू तिन्ही दिशांना विखुरले तर गुणक १/५ वर येतो. म्हणून सुईकाम फुकट नाही. उभे केलेले तंतू आडव्या कामातून वजा होतात, शिवाय सुईनं काही तुटतात ते वेगळेच. थर सुटू नयेत म्हणून आडवी ताकद थोडी द्यायची, असा सौदा आहे तो.

धागादोरा_मालेगाव | १० जुलै, रात्री ९:४०

एक पुरवणी. "वाट्टेल त्या दिशांना" हे कागदावर. कार्डिंगमधून (तंतू विंचरायच्या यंत्रातून) येणारी जाळी लांबीच्या दिशेनं जास्त विंचरलेली असते. म्हणून तिच्या घड्या आडव्या घालत नेतात, तरी एका बाजूचा कल राहतोच. चिंधी हातानं फाडून बघा, एका दिशेला पटकन फाटते, दुसऱ्या दिशेला हट्ट करते. थर घालताना एक उभा, एक आडवा फिरवून घाला.

नवशिक्या_पंचवटी | १० जुलै, रात्री १०:३०

अवांतर विचारतो, माफ करा. मी घरी टेबलटॉप करतोय. चॉप मॅट आणली आणि इपॉक्सी आणलं. मॅट भिजतच नाही! पुठ्ठ्यासारखी ताठ राहते, कोपऱ्यात वळत नाही. रेझिन खराब लागलं का?

जुना_फोरमन | १० जुलै, रात्री १०:४५

रेझिन चांगलंय, जोडी चुकली. चॉप मॅटचा डिंक पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये (रेझिन पातळ ठेवणाऱ्या द्रवात) विरघळतो, म्हणून रोलर फिरवला की मॅट मऊ होऊन साच्यावर बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, डिंक तसाच राहतो. इपॉक्सीसाठी डिंकाऐवजी शिवलेली मॅट मिळते ती घे, नाहीतर विणलेलं कापड घे.

आता साचेवाला, तुमच्याकडे वळतो. ३४ वर्षं याच कामात घालवली, आता गंगापूर रोडला नातवंडं सांभाळतो. उगाच औषध सुचवत नाही, आधी नाडी दाखवा. चार गोष्टी सांगा.

सुटलेला पापुद्रा हातात घेतलात तर आतली बाजू कशी दिसते? केसाळ, पांढरट, तंतू ओढल्यासारखी, की गुळगुळीत? केसाळ असेल तर थर चिकटला होता आणि माराने फाटला. गुळगुळीत असेल तर तो कधी चिकटलाच नव्हता. सुटलाय कुठल्या दोन थरांत? त्या दोन थरांमध्ये किती तास गेले? आणि सातही छतं कुठल्या वारी घातली?

साचेवाला | ११ जुलै, सकाळी ८:३०

फोरमनकाका, रात्रीच शेडवर जाऊन आलो, राहवलं नाही.

पापुद्रा गुळगुळीत आहे. इतका, की त्यात डोक्यावरच्या ट्यूबलाइटची रेघ दिसत होती. त्यावर रोलरच्या खाचांचे ठसे जसेच्या तसे आहेत, आणि वरच्या थराच्या पोटावर त्यांचा उलटा छाप. जणू खालच्या थराला वॅक्स मारून वरचा त्याच्यावर ओतला.

सुटलाय दुसऱ्या आणि तिसऱ्या थरात. सातही तिथंच.

वाराचं तपासतो. प्रत्येक छताच्या पोटात मार्करनं तारीख टाकलेली असते.

सिन्नरी | ११ जुलै, सकाळी ९:००

तरी मी म्हणतो एकदा तुकडा जाळून आतली काच मोजा. तीस टक्के निघाली तर मी मिसळ खिलवतो.

प्रयोगवही | ११ जुलै, सकाळी ९:२०

मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तुकडा पाठवा, आमच्याकडे मफल भट्टी (प्रयोगशाळेतली बंद भट्टी) आहे. ५६५ अंशांना रेझिन जळून जातं, काच उरते. दोन दिवसांत सांगते.

निफाडचा_गारठा | ११ जुलै, सकाळी ११:४०

थंडीकडे कुणी बघितलं का? जुलैत नाही म्हणा. पण डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पारा पाच-सहावर आला की रेझिन सकाळी झोपूनच राहतं. मग पोरं हार्डनर वाढवतात. १ ते २ टक्क्यांचा ४ टक्के करतात आणि वर ऊन आलं की बादलीतून धूर. एकदा आमच्याकडे उरलेली अर्धी बादली कोपऱ्यात राहिली, खालचं प्लास्टिक वितळून फरशीला चिकटलं. आता उरलेलं रेझिन पसरट पत्र्यावर ओतून बाहेर ठेवतो.

जुना_फोरमन | ११ जुलै, दुपारी १२:१५

निफाडकर, बरं आठवण केलीत. विषय निघालाच आहे तर शेडमध्ये नवीन पोरं असणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, हार्डनर शेवटी. दोन्हींचे कॅन एका मांडणीवर ठेवायचे नाहीत, मापाचं भांडं एक ठेवायचं नाही. थेट भेटले तर भडका उडतो, स्फोटही होतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा घाला, शेजारी पाण्याची बाटली ठेवा, उडालं तर लगेच पंधरा मिनिटं तरी धुवत राहा आणि मग डॉक्टर. माझ्या डोळ्यांदेखत एकाचा डोळा अधू झालाय. त्या दिवशी चष्मा खिळ्याला लटकलेला होता.

कवडसा | ११ जुलै, दुपारी ३:००

हे हातचं काम सोडून प्रेसवर का जात नाही तुम्ही लोक? गाड्यांच्या दाराच्या आतले पॅनेल बघा. तागाचा किंवा अंबाडीचा तंतू आणि पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकचा तंतू एकत्र पिंजायचे, सुईकाम करून जाड फेल्ट करायचं, भट्टीत पॉलिप्रॉपिलिन वितळेपर्यंत तापवायचं, थंड साच्यात दाबायचं. मिनिटभरात नग बाहेर. स्टायरीनचा वास नाही, खाज नाही.

धागादोरा_मालेगाव | ११ जुलै, दुपारी ३:२५

अंबाडी? भाजीची अंबाडी?

कवडसा | ११ जुलै, दुपारी ३:३५

तीच. पाला भाकरीबरोबर, खोडाचा वाख दोरखंडाला. परदेशी गाडीवाले तिला केनाफ म्हणतात आणि दारात बसवतात. अंबडला अंबाडीचा कारखाना निघाला तर नावही आयतं आहे.

हिशेबी | ११ जुलै, सायंकाळी ६:५०

कवडसा, गणित सोपं आहे. प्रेस आणि लोखंडी साचा यांची किंमत हजारो नगांवर पसरली तर परवडते. साचेवाल्यांचा साचा फायबरचाच असणार, पंधरा दिवसांत स्वतः केलेला. दरसाल दोनशे-तीनशे छतांसाठी प्रेस म्हणजे चहाला तपेलं.

शिवाय तिथंही दुखणी आहेतच. पॉलिप्रॉपिलिन काचेला किंवा तागाला मनापासून चिकटत नाही, त्यात मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं थोडं पॉलिप्रॉपिलिन मिसळावं लागतं. ताग हवेतून दहा-बारा टक्के पाणी धरून बसतो. न सुकवता तापवलात तर वाफेचे फोड. आणि २०० अंशांच्या वर नेलात तर तंतूच करपतो. पॉलिप्रॉपिलिन १६५ ला वितळतं, म्हणजे मधल्या अरुंद गल्लीतूनच जायचं. काचेची सुईकाम केलेली मॅट घातलेल्या शीट्सची तर आणखी गंमत. भट्टीत गेल्या की दाबून ठेवलेले तंतू मोकळे होतात आणि शीट तव्यावरच्या पापडासारखी फुगते. दाबली की परत बसते.

कवडसा | ११ जुलै, सायंकाळी ७:१५

मान्य. तरी एक आठवण. पूर्व जर्मनीची ट्राबांट, १९५७ ते १९९१. आतला सांगाडा पोलादी, पण बाहेरचं अंग कापसाच्या टाकाऊ तंतूंची चटई आणि फिनॉलिक रेझिन, थरावर थर ठेवून गरम प्रेसमध्ये दाबलेलं. पोलादाच्या पत्र्याची टंचाई होती म्हणून. त्याआधी १९५३ ला अमेरिकेत कॉर्व्हेटचं अंग काचेच्या फायबरचं केलं, ती हौस होती. 

साचेवाला | १२ जुलै, रात्री ९:००

फोरमनकाका, तारखा काढल्या. सातच्या सात शुक्रवारची!

आमची सुट्टी शनिवारी. इतर दिवशी तिन्ही थर त्याच दिवशी होतात. सकाळी दोन, ते जेल झाले (घट्ट होऊ लागले) की दुपारी तिसरा. शुक्रवारी शेवटच्या एक-दोन साच्यांचे दोनच थर होतात, तिसरा रविवारी सकाळी.

पण इतकी वर्षं हेच चाललंय की. शुक्रवारची सगळीच छतं आधी सुटत नव्हती.

जुना_फोरमन | १२ जुलै, रात्री ९:२०

रविवारी सकाळी त्या दुसऱ्या थरावर बोट टेकवलंत तर कसा लागतो? चिकट की कोरडा?

साचेवाला | १२ जुलै, रात्री ९:२५

कोरडा. खडखडीत. धूळ नाही, काही नाही. मला वाटायचं छान सेट झालाय.

जुना_फोरमन | १२ जुलै, रात्री ९:३१

मेख तिथंच आहे. उघड्या हवेत घातलेलं लॅमिनेटिंग रेझिन दोन दिवसांनीही बोटाला किंचित चिकटायला हवं. तुमचं चिकटत नाही. मामांना विचारा, शुक्रवारी संध्याकाळी रेझिनमध्ये वेगळं काय घालतात. रागावून विचारू नका.

साचेवाला | १३ जुलै, दुपारी २:१०

विचारलं. चहा घेऊन बसलो आणि विचारलं.

मामा म्हणाले, "मेणाचं पाणी घालतो की. मार्चपासून."

आम्ही छताच्या पोटाला शेवटचा हात मारतो त्या रेझिनमध्ये मेणाचं द्रावण जातं, पोट कोरडं व्हावं म्हणून. तोच कॅन. मामा शुक्रवारच्या दुसऱ्या थरालाही थोडं घालायचे. का? शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडिंग चालतं. शनिवारी त्यांचं काम चालू, आमचं बंद. चिकट थरावर लोखंडाची काळी धूळ बसायची. आणि ती धूळ का बसू दिली म्हणून फेब्रुवारीत त्यांना कोण बोललं होतं? मीच. चांगल्या दोन शिव्या घातल्या होत्या गिऱ्हाइकासमोर.

मामांनी त्यांच्या परीनं इलाज केला, आणि मला सांगायचं कारण नव्हतं, कारण धूळ थांबली.

प्रयोगवही | १३ जुलै, रात्री ८:४०

आता चित्र स्पष्ट झालं. का होतं ते थोडक्यात लिहिते, कारण हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

पॉलिस्टर रेझिन घट्ट होतं ते मुक्त मूलकांच्या, म्हणजे जोडीदार शोधणाऱ्या चळवळ्या कणांच्या, साखळीनं. हवेतला ऑक्सिजन वरच्या पृष्ठभागावर ती साखळी मध्येच तोडतो, म्हणून वरचा पातळ पदर अर्धवट, चिकट राहतो. पुढचा थर घातला की त्यातलं स्टायरीन या अर्धवट पदरात शिरतं आणि दोन्ही मिळून एकत्र घट्ट होतात. म्हणजे तो चिकटपणा हाच थरांमधला सांधा आहे. साधारण चोवीस तासांत पुढचा थर घाला म्हणतात, ते त्यासाठीच.

मेण उलट करतं. रेझिन घट्ट होऊ लागलं की मेण त्यात राहत नाही, वर येऊन पातळ साय धरतं, हवा बंद करतं. खालचं रेझिन पूर्ण पिकतं. छताच्या पोटाला हेच हवं. मधल्या थराला हेच विष, कारण त्यावर घातलेला थर मेणावर बसतो.

आणि सिन्नरी, तुकडा जाळला. जळण्याआधी ४१.६ ग्रॅम, नंतर १२.७. म्हणजे ३०.५ टक्के. पावडर नाही ना, हे बघायला राखेवर सौम्य आम्ल टाकलं, बुडबुडा आला नाही. जळल्यावर तीन मॅट पांढऱ्याशुभ्र, एकावर एक, चिमट्यानं सुट्या उचलता आल्या. त्यांच्या खाली टिश्यूचा जाळीसारखा पापुद्रा. मुलांना दाखवायला ठेवून घेतलंय.

सिन्नरी | १३ जुलै, रात्री ९:०२

मिसळ माझ्याकडे लागली. रविवारी सकाळी सांगा कुठे ते. मामांनाही आणा.

गोदाकाठ | १३ जुलै, रात्री ९:३०

ॲसिटोननं पुसून वर थर मारला तर चालेल ना?

जुना_फोरमन | १३ जुलै, रात्री ९:५०

नुसत्या पुसण्यानं मेण जात नाही, पसरतं. आधी स्वच्छ फडक्यानं, फडकं सारखं बदलत पुसायचं, मग ६०-८० नंबरच्या कागदानं चमक पूर्ण जाईपर्यंत घासायचं. न पुसता घासलंत तर कागद मेण ओरखड्यांत भरतो. पण खरा मार्ग म्हणजे मधल्या थराला मेण नकोच. धुळीसाठी ओल्या थरावर पील प्लाय टाका. नायलॉनचं पातळ विणलेलं कापड असतं. रेझिनमध्ये दाबून बसवायचं, रविवारी टरकन ओढून काढायचं. धूळ कापडाबरोबर जाते आणि खाली खरखरीत, कोरा पृष्ठभाग मिळतो. मेणाच्या रेझिनवर मात्र नाही, साध्या रेझिनवरच.

साचेवाला | १९ जुलै, रात्री १०:००

उशीर झाला, पण हात रिकामे नव्हते.

फूटभराच्या चार पट्ट्या केल्या. पहिल्या दोन थरांनंतर दोन दिवस थांबून तिसरा. सुकल्यावर मामांनीच छिन्नी घेतली.

पहिली, मेण नाही, कापड नाही, उघडी ठेवलेली: छिन्नी आत जाईना, हातोड्यानं घातली तर तंतू ओढत, कुरकुरत फाटली. दोन्ही बाजू केसाळ. धुळीचा काळा पट्टा मात्र मधे दिसतोच. दुसरी, मेण घातलेली: पहिल्याच टोल्याला टप्प असा आवाज आणि भाकरीएवढा पापुद्रा हातात आला. मामा काही बोलले नाहीत, फक्त तो उलटापालटा करून बघत राहिले. तिसरी, मेण घालून मग पुसून घासलेली: धरली. पण एका कोपऱ्यात कागद पोचला नव्हता, तेवढाच रुपयाएवढा भाग सुटला. चौथी कापडाची: सगळ्यात चांगली. धूळही नाही, पापुद्राही नाही.

गोदामातली सात छतं कापून टाकली. विकलेल्यांपैकी मार्चनंतरची शुक्रवारची नऊ आहेत. नोंदवहीत नंबर होते. सगळ्यांना फोन केले, चार बदलून दिली, पाचांना आठवड्याभरात देतोय. दिंडोरीवाल्यानं विचारलं, "आता आत भरलंय ना सगळं?"

हिशेबी | १९ जुलै, रात्री १०:२०

तिसऱ्या पट्टीचा तो रुपयाएवढा कोपरा जपून ठेवा. पोरांना शिकवायला त्याच्याइतकं चांगलं काही मिळणार नाही.

सिन्नरी | १९ जुलै, रात्री १०:३५

पील प्लायचा रोल महाग पडतो हो छोट्या शेडला. स्वस्तात काय वापरता?

साचेवाला | १९ जुलै, रात्री १०:५०

पॉलिस्टरचं अस्तराचं कापड, मेन रोडवरून मीटरवर आणलं. कांजी असते, एकदा धुऊन पूर्ण वाळवून घ्यायचं. आधी हातभर तुकडा लावून, सुटतं का ते बघायचं. काही कापडांवर चकाकीचा मुलामा असतो, ती चिकटून बसतात. आणि पांढरंच घ्या. मामांनी पहिल्यांदा लाल आणलं, स्टायरीननं रंग उतरला, त्या छताचं पोट आता कुल्फीसारखं गुलाबी आहे.

धागादोरा_मालेगाव | १९ जुलै, रात्री ११:०५

पांढरं लागेल तेवढं मालेगावहून पाठवतो. विणलेलं आहे हां, चटईसारखं.